शेलमधला पाचवा आकडा: खडकातला लहरींचा वेग मोजण्याचा इतिहास

एक साधा प्रयोग करून बघा. खादीचा किंवा कुठलाही साधा विणलेला रुमाल घ्या आणि उभ्या धाग्याच्या दिशेनं ओढा. फारसा ताणला जात नाही. आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढलात तरी तेच. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. रुमाल सहज लांबतो आणि मधे बारीक होतो. ब्लाउजच्या गळ्याची पट्टी शिंपी तिरकी कापतात ती याचसाठी.

उभं आणि आडवं मोजून तुमच्याकडे जे आकडे आले असते, त्यावरून तिरक्या दिशेचं वागणं सांगता आलं नसतं. ते वेगळं मोजावंच लागतं. शेल नावाच्या खडकाची स्थितिस्थापकता मोजण्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो म्हटलं तरी चालेल. पहिले चार आकडे तुलनेनं लवकर हाती आले. पाचवा तिरक्या दिशेचा. तो मोजायला वेळ लागला आणि मोजल्यावरही आपण नेमकं काय मोजलं, यावर वाद झाला.

तुम्ही एम.एस्सी. संपवून पेट, नेट किंवा सेटच्या तयारीत असाल, तर हा इतिहास तुमच्या कामाचा आहे. विषय भूभौतिकीचा नसला तरीही. 'उपकरणानं आकडा दाखवला' आणि 'आपण ती राशी मोजली' यांत किती अंतर असू शकतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

वर्धा स्टेशनहून दक्षिणेकडे

सुरुवात आपल्या भागापासून करू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेला आहे. पण रेल्वेनं सेवाग्राम, हिंगणघाट करत वरोऱ्याकडे निघालात की जमिनीखालचा खडक बदलायला लागतो. बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने गोंडवाना थर वर येतात: तालचिर, बाराकर, कामठी. त्यांत वालुकाश्म आहेत, शेल आहे आणि बाराकरमध्ये कोळसा आहे.

ही लाइन मुळात कोळशासाठीच टाकली गेली. १८७० च्या दशकात तिचं नाव होतं 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण रेल्वेमार्ग राहिला आणि पुढे दिल्ली–चेन्नई मार्गाचा भाग झाला.

या खडकांचा अभ्यास त्याच्याही आधी सुरू झाला होता. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज तुम्हाला माहीत असेलच. ज्यांच्या नावानं ते आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि हौशीनं भूविज्ञान करत. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराचं भूविज्ञान आणि जीवाश्म यांवर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा लेख लिहिला. १८६३ मध्ये टाकळघाटचा परिसर पाहून परतताना ते पाण्यात बुडून गेले. नंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थिओडोर ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळसाक्षेत्राचं सविस्तर वर्णन केलं. ते 'द वर्धा व्हॅली कोल-फील्ड' या नावानं १८७७ मध्ये सर्वेक्षणाच्या मेमॉयर्समध्ये छापून आलं.

कोळसाखाणीत शेल महत्त्वाचा का? कारण कोळशाच्या थराच्या वर बऱ्याच वेळा शेल असतो, म्हणजे तो खाणीचं छत असतो. शेल थराथरानं सुटतो. थराला समांतर दिशेत तो बऱ्यापैकी ताठ असतो, थराला आडव्या दिशेत मवाळ. छत किती वाकेल, कुठे सुटेल, हा प्रश्न दिशेशिवाय विचारताच येत नाही.

शेल असा का वागतो

शेल म्हणजे दाबून घट्ट झालेला चिखल. त्यातली मातीची खनिजं पापुद्र्यांसारखी असतात. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीत अशीच पापुद्र्यांची खनिजं आहेत. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि शेताला भेगा पडतात. असा चिखल पाण्याच्या तळाशी साठतो, वरून थरावर थर येतो, आणि त्या ओझ्याखाली पापुद्रे आडवे होत जातात. पोळ्यांची चवड रचावी तसे. चवडीवर वरून हात दाबा, ती दबते. पण प्रत्येक पोळी तिच्याच पातळीत ताणून लांबवायची म्हटलं तर तेवढं सोपं नाही.

पापुद्र्यांच्या मांडणीसोबत आणखी तीन गोष्टी भर घालतात: बारीक-बारीक थरांची आलटापालट, थरांना समांतर सूक्ष्म भेगा आणि केरोजेन हा सेंद्रिय पदार्थ. परिणाम असा की आवाजाची लहर शेलमध्ये थराला समांतर वेगानं धावते आणि थराला काटकोनात हळू. दिशेनुसार बदलणाऱ्या अशा गुणधर्माला इंग्रजीतून आलेला शब्द आहे अ‍ॅनआयसोट्रॉपी. मराठी परिभाषेत विषमदिक्‌ता. मी दोन्ही वापरणार आहे.

१८७७: दुसरीकडे काय चाललं होतं

ह्यूज यांचं वर्धा खोऱ्यावरचं काम छापून आलं त्याच वर्षी, १८७७ मध्ये, एल्विन ब्रूनो क्रिस्टोफेल या जर्मन गणितज्ञानं स्थितिस्थापक घन पदार्थातून लहरी कशा जातात यावर लेख लिहिला. त्यातून पुढे 'क्रिस्टोफेल समीकरण' आलं. ते काय करतं? तुम्ही त्याला पदार्थाची घनता, त्याचे स्थितिस्थापक स्थिरांक आणि एक दिशा द्या. ते त्या दिशेतले तीन वेग देतं: एक अनुतरंगासारख्या लहरीचा, दोन अवतरंगांसारख्या लहरींचे. एका माणसानं खडकाचं वर्णन केलं, दुसऱ्यानं त्या खडकाला लागणारं समीकरण. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. खडक आणि समीकरण प्रयोगशाळेत एकत्र यायला पुढे शंभर वर्षं लागली.

समीकरणात घालायचे स्थिरांक किती, हा वाद त्याच्याही आधीचा. कोशी आणि त्याच्या परंपरेतल्या लोकांनी रेणूंमधल्या बलांची एक साधी कल्पना धरली. तिच्यातून सर्वांत सामान्य पदार्थाला १५ स्थिरांक निघत. जॉर्ज ग्रीननं ऊर्जेवरून विचार केला आणि त्याला २१ मिळाले. कागदावर दोन्ही बाजू ठीक दिसत होत्या. निर्णय मोजमापानं झाला. गॉटिंगेनच्या वोल्डेमार फोग्ट यांनी स्फटिकांच्या काड्या कापून, वाकवून, पिळून स्थिरांक मोजले आणि १५ चा हिशोब बसत नाही हे दाखवून दिलं. १९१० मध्ये आलेला त्यांचा स्फटिक-भौतिकीवरचा ग्रंथ आजही उद्धृत होतो, आणि स्थिरांकांना दोन आकड्यांची नावं देण्याची पद्धतही त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

खडकाला २१ लागत नाहीत. काच किंवा बारीक कणांचं पोलाद समदिक् असतं, त्याला दोन पुरतात. शेलमध्ये थराच्या पातळीतल्या सगळ्या दिशा सारख्या आणि फक्त काटकोनातली दिशा वेगळी, असं धरलं तर पाच लागतात:

- सी११: थराला समांतर ताठपणा
- सी३३: थराला काटकोनात ताठपणा
- सी६६: थराच्या पातळीतला कातर-ताठपणा
- सी४४: थर एकमेकांवरून सरकण्याला होणारा विरोध
- सी१३: एका दिशेचा ताण दुसऱ्या दिशेला किती ढकलतो ते

शेवटचा तो आपला पाचवा आकडा. वाचताना 'सी एक तीन' असं वाचा. पहिले चार समांतर किंवा काटकोनात लहर पाठवून मिळतात. पाचव्यासाठी तिरकं जावं लागतं.

१९३२: प्रयोगशाळेच्या बाहेर

खडकसुद्धा विषमदिक् असू शकतात आणि त्याचा भूकंपलहरींवर परिणाम होईल, हा विचार क्राकोचे मौरित्सी रुडझ्की १८९० च्या दशकात मांडत होते. तेव्हा तो बराचसा कागदावर राहिला. १९३२ मध्ये मॅकॉलम आणि स्नेल यांनी कॅनडातल्या क्युबेकमध्ये एक सुंदर संधी साधली. तिथे लॉरेन शेलचे थर उभे झालेले होते. म्हणजे जमिनीवर चालत-चालत तुम्ही थराला समांतरही मोजू शकता आणि काटकोनातही. त्यासाठी विहीर खणायला नको. त्यांना समांतर दिशेतला वेग काटकोनातल्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त मिळाला.

४० टक्के ही बारीकसारीक दुरुस्ती नव्हे. पण तेलशोधाच्या व्यवहारात पुढची अनेक वर्षं समदिक् गणितच चालू राहिलं, कारण ते सोपं होतं आणि लहरी बहुतांशी उभ्याच पाठवल्या जात. तिथे एकच वेग पुरत असे.

आपल्याकडची वाट: प्रकाश, स्फटिक, मग खडक

विदर्भातल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अल्ट्रासोनिक इंटरफेरोमीटर नवा नाही. २ मेगाहर्ट्झचा क्वार्ट्झ स्फटिक, त्यावर द्रवाचा सेल, वर मायक्रोमीटर. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. पाण्यात वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे तरंगलांबी पाऊण मिलिमीटर. यात दिशेचा प्रश्नच येत नाही, द्रवाला सगळ्या दिशा सारख्या.

एम.एस्सी.ला अल्ट्रासोनिक ग्रेटिंगचा प्रयोग केला असेल तर त्याची मुळंही ओळखीची आहेत. द्रवातल्या श्राव्यातीत लहरी प्रकाशाला जाळीसारखं विवर्तित करतात हे १९३२ मध्ये डिबाय आणि सीअर्स यांनी दाखवलं. त्याचा सिद्धान्त १९३५-३६ मध्ये बंगळूरहून सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी दिला.

हेच तंत्र पुढे घन पदार्थांकडे वळलं ते वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठात. एस. भगवंतम आणि जे. भीमसेनाचार यांनी क्वार्ट्झची पाचर वापरली. पाचरीची जाडी बदलत जाते, त्यामुळे एकाच तुकड्यातून अनेक वारंवारता मिळतात. समोर स्फटिकाची चकती ठेवायची. तिच्या जाडीत अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण पट बसले की लहर जोरात पार होते, आणि पलीकडच्या द्रवातल्या प्रकाश-विवर्तनावरून ते कळतं. या पद्धतीनं त्यांनी १९४० च्या दशकात हिऱ्याचे स्थितिस्थापक स्थिरांक काढले. हिरा घनीय स्फटिक आहे, त्याला तीन स्थिरांक लागतात. १९५० च्या दशकात एस. बालकृष्ण यांनी भारतीय खडकांमधले श्राव्यातीत वेग मोजून प्रसिद्ध केले.

सांगायचं हे की ही परंपरा परकी नाही. द्रवातून स्फटिकात आणि स्फटिकातून खडकात ती आपल्या देशातही पायरीपायरीनं आली. द्रवावर अल्ट्रासोनिक काम करणाऱ्याला खडकाकडे वळायचं असेल तर हाताला अर्धी सवय आधीच आहे.

दाबाखालचा दगड

दुसऱ्या महायुद्धातल्या रडारमुळे फार छोटे विद्युत्-स्पंद तयार करणं आणि त्यांची वेळ मोजणं सोपं झालं. त्यातून 'पल्स ट्रान्समिशन' पद्धत आली. कल्पना सरळ: दगडाचा दंडगोल कापा, त्याला प्लग म्हणतात. एका टोकाला ट्रान्सड्यूसर लावून स्पंद द्या, दुसऱ्या टोकाला तो पोचायला किती वेळ लागला ते ऑसिलोस्कोपवर बघा. लांबी भागिले वेळ म्हणजे वेग. टेक्सास विद्यापीठात डी. एस. ह्यूज (वरोऱ्याच्या ह्यूजशी यांचा काही संबंध नाही) आणि जे. एच. जोन्स यांनी १९५० मध्ये दाब आणि तापमानाखाली अग्निजन्य खडकांवर असं काम प्रसिद्ध केलं. हार्वर्डचे फ्रान्सिस बर्च यांनी १९६० आणि १९६१ मध्ये १० किलोबारपर्यंतच्या दाबाखाली शेकडो नमुने मोजले.

बर्च वेगवेगळ्या दिशांना प्लग कापत, पण त्यांचं लक्ष पृथ्वीच्या कवचात आणि प्रावरणात काय आहे याकडे होतं. त्यासाठी सरासरी उपयोगाची होती, दिशेनुसार येणारा फरक नव्हे. एकाचा गोंगाट हा दुसऱ्याचा विषय असतो. १९५९ मध्ये कार्सबर्ग यांनी नैसर्गिक आणि कृत्रिम चिकणमातीच्या नमुन्यांवर ध्वनिवेग आणि क्ष-किरण विवर्तन ही दोन्ही मोजमापं एकत्र केली आणि कणांची मांडणी व वेग यांचा संबंध तपासला. १९६२ मध्ये जॉर्ज बॅकस यांनी दाखवलं की थर स्वतः समदिक् असले तरी ते तरंगलांबीच्या मानानं खूप पातळ असतील तर सगळा गठ्ठा एकत्रितपणे विषमदिक् वागतो.

१९८१: पाचही आकडे

विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जोन्स आणि वांग यांनी १९८१ मध्ये विलिस्टन खोऱ्यातल्या क्रिटेशस काळच्या शेलवर काम केलं आणि पाचही स्थिरांक दिले. त्यातल्या एका शेलचे आकडे 'ग्रीनहॉर्न शेल' या नावानं आजही उदाहरण म्हणून वापरले जातात. गिगापास्कलमध्ये ते असे: सी११ = ३४.३, सी३३ = २२.७, सी४४ = ५.४, सी६६ = १०.६, सी१३ = १०.७. घनता प्रति घन सेंटिमीटर २.४२ ग्रॅम.

वही काढा आणि माझ्यासोबत करा. काटकोनातला वेग म्हणजे सी३३ भागिले घनता, त्याचं वर्गमूळ: सेकंदाला ३.०६ किलोमीटर. समांतर वेग सी११ वरून: ३.७७. फरक २३ टक्के.

आता ४५ अंशाला किती? सहज तोंडात येतं ते उत्तर म्हणजे दोघांची सरासरी, ३.४१. पण क्रिस्टोफेल समीकरणात पाच आकडे घातले की ३.२५ येतं. संथ बाजूकडे झुकलेलं. रुमाल आठवा.

खरी अडचण उलट दिशेनं मोजताना येते. प्रयोगशाळेत आपल्याला सी१३ माहीत नसतो, ४५ अंशाचा वेग मोजून तो काढायचा असतो. समजा ४५ अंशाच्या वेगात फक्त १ टक्का चूक झाली, ३.२५ च्या जागी ३.२८ आलं. मग सी१३ १०.७ ऐवजी ११.८ निघतो. वेगातली १ टक्का चूक पाचव्या आकड्यात १० टक्के होते. ३ टक्के चुकलं तर सी१३ जवळजवळ १४.

१९८६ मध्ये अमोको या तेल कंपनीतले लिऑन थॉमसन यांनी पाच स्थिरांकांची मांडणी वेगळ्या पद्धतीनं केली: दोन उभे वेग आणि एप्सिलॉन, डेल्टा, गॅमा असे तीन मापं नसलेले आकडे. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की क्षेत्रात बहुतेक लहरी उभ्याच्या आसपास जातात, आणि तिथे समांतर-काटकोन फरक सांगणाऱ्या एप्सिलॉनपेक्षा डेल्टा महत्त्वाचा ठरतो. डेल्टामध्ये सी११ येतच नाही, सी१३ येतो. ग्रीनहॉर्न शेलचा डेल्टा उणे ०.०५ आहे. वरची १ टक्का चूक केली तर तो जवळपास शून्य होतो, ३ टक्के केली तर अधिक ०.१०. चिन्हच बदललं! म्हणजे मोजायला सगळ्यांत अवघड आकडा हाच व्यवहारात सगळ्यांत गरजेचा निघाला.

१९९४: 'आपण मोजलं ते नेमकं काय?'

विषमदिक् पदार्थात लहरीचे दोन वेग असतात. तळ्यातल्या लाटेची रेघ कल्पना करा. ती रेघ स्वतःला काटकोनात ज्या वेगानं सरकते तो फेज वेग. ऊर्जा ज्या दिशेनं आणि ज्या वेगानं जाते तो ग्रुप वेग. समदिक् पदार्थात दोन्ही एकच. समांतर आणि काटकोनातल्या प्लगमध्येही एकच. ४५ अंशाच्या प्लगमध्ये मात्र ऊर्जा बाजूला सरकते.

किती सरकते? ग्रीनहॉर्न शेलसाठी हिशोब केला तर सुमारे १५ अंश, थराच्या दिशेकडे. प्लग ५ सेंटिमीटर लांब असेल तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत ऊर्जा १.३ सेंटिमीटर बाजूला गेलेली असते. तुमचा ट्रान्सड्यूसर जर सव्वा सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर मुख्य झोत त्याच्या शेजारून निघून जातो. ऑसिलोस्कोपवर काहीतरी दिसतं, वेळही वाचता येते, आकडाही येतो. पण तो कशाचा?

जो डेलिंजर आणि लेव्ह वेर्निक यांनी १९९४ मध्ये 'जिओफिजिक्स'मध्ये लेख लिहिला तो याच प्रश्नाच्या शीर्षकाखाली: पल्स ट्रान्समिशनमधून फेज वेग मिळतो की ग्रुप वेग? त्यांच्या विश्लेषणाचा गाभा असा: ट्रान्सड्यूसर प्लगच्या उंचीच्या मानानं पुरेसे रुंद असतील तर फेज वेग मिळतो. ते अगदी छोटे आणि प्लग लांब असेल तर ग्रुप वेग. मधल्या मापांत दोन्हीही धड नाही. आणि क्रिस्टोफेल समीकरणात घालायचा असतो फेज वेग.

वेर्निक स्वतः या क्षेत्रात मोजमाप करणारे होते. आमोस नूर यांच्यासोबत १९९२ मध्ये त्यांनी केरोजेनयुक्त शेलवर तीन प्लगच्या पद्धतीनं महत्त्वाचं काम केलं होतं. दोनच वर्षांत त्यांनी पद्धतीचाच पाया तपासायला घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पाचवा आकडा चुकला तर बिघडतं काय?

जमिनीखाली एक किलोमीटरवर वरच्या खडकाचं ओझं धरा: घनता २.४ घेतली तर सुमारे २३.५ मेगापास्कल. खडक बाजूला पसरू शकत नाही, म्हणून तो बाजूलाही दाब देतो. भूकवचातले इतर ताण बाजूला ठेवून, साध्या हिशोबात, बाजूचा दाब म्हणजे उभा दाब गुणिले सी१३ भागिले सी३३. ग्रीनहॉर्नच्या आकड्यांनी ते प्रमाण ०.४७, म्हणजे सुमारे ११ मेगापास्कल. तोच शेल समदिक् आहे असं समजून फक्त उभ्या वेगांवरून काढलं तर ०.५२, म्हणजे १२.३. फरक एका मेगापास्कलहून जास्त. प्रयोगशाळेतल्या लहरींवरून आलेला ताठपणा आणि संथ दाबाखालचा ताठपणा वेगळे असतात, ती दुरुस्ती निराळी करावी लागते.

विहिरीत पाणी दाबून खडक फोडायचा असेल तर किती दाब लागेल, भेग कुठल्या थरात थांबेल, हे याच बाजूच्या दाबावर ठरतं. आपल्या देशात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. जानेवारी २०११ मध्ये ओएनजीसीला पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळच्या विहिरीत शेल गॅस मिळाला, तो दामोदर खोऱ्यातल्या गोंडवाना शेलमधूनच. वर्धा खोऱ्यातले गोंडवाना थर त्याच मोठ्या कुटुंबातले आहेत.

प्लग वाळला की इतिहास पुसला

शेलमधल्या छिद्रांत पाणी असतं आणि ते त्याच्या ताठपणाचा भाग असतं. कोअर वर आला, उघडा राहिला, की वाळतो. थरांना समांतर बारीक भेगा उघडतात. मग काटकोनातला वेग घसरतो आणि अ‍ॅनआयसोट्रॉपी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कोअरचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून कोअर काढल्याबरोबर मेण किंवा प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करतात, किंवा खनिज तेलात बुडवून ठेवतात. ब्रायन हॉर्नबी यांचं १९९८ चं काम पाण्यानं भरलेल्या शेलवरचं आहे, आणि त्यात छिद्रांतला दाब सावकाश स्थिर होऊ द्यावा लागतो. शेलमधून पाणी इतकं हळू वाहतं की तिथे घाई चालत नाही.

तीन प्लग वेगवेगळे कापले की आणखी एक शंका राहते: तिघे एकसारखे आहेत का? २००२ मध्ये झिजिंग वांग यांनी एकाच आडव्या प्लगच्या टोकांवर आणि कडांवर ट्रान्सड्यूसर बसवून पाचही स्थिरांक काढण्याची पद्धत दिली. नमुन्यांमधला फरक गेला, मोजायचं अंतर मात्र कमी झालं, त्यामुळे वेळेच्या मोजणीतली चूक जास्त बोचते.

आणि मोजपट्टीचा प्रश्न आहेच. १ मेगाहर्ट्झला, सेकंदाला ३ किलोमीटर वेग धरला तर तरंगलांबी ३ मिलिमीटर. क्षेत्रातल्या ३० हर्ट्झच्या भूकंपीय लहरीची १०० मीटर. बॅकस यांचे पातळ थर प्रयोगशाळेतल्या लहरीला वेगवेगळे दिसतात आणि क्षेत्रातल्या लहरीला एकच गठ्ठा. दोन्ही आकडे बरोबर असूनही वेगळे येऊ शकतात.

शोधनिबंध वाचताना

या विषयावरचा कुठलाही पेपर हातात आला की मी आधी निष्कर्ष वाचत नाही, पद्धतीचा भाग उघडते. तुम्हीही हे प्रश्न विचारा:

- नमुना कुठून आला, आणि कोअर काढल्यापासून मोजेपर्यंत ओला ठेवला होता का?
- प्लग किती, कोणत्या कोनांत? कोन ४५ च आहे हे कसं तपासलं?
- प्लगची लांबी आणि ट्रान्सड्यूसरचा व्यास दिलाय का?
- ४५ अंशाचा वेग फेज म्हणून घेतलाय की ग्रुप, आणि तसं का?
- सी४४ दोन वेगवेगळ्या प्लगमधून काढता येतो. दोन्ही उत्तरं जुळतात का?
- सी१३ च्या आकड्यासोबत चुकीची मर्यादा छापली आहे का?

शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं, तर त्या पेपरातल्या डेल्टावर पुढची इमारत बांधू नका.

नमुने शोधायला लांब जायचं कारण नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय, खनिज समन्वेषणाचं एमईसीएल आणि वेस्टर्न कोलफील्ड्स, तिन्ही नागपुरात आहेत. गाइडच्या पत्रासह रीतसर अर्ज करावा लागतो. त्या अर्जात कोणत्या थराचा, किती व्यासाचा आणि कसा जतन केलेला कोअर हवा, हे नेमकं लिहा. 'शेलचे नमुने मिळावेत' एवढंच लिहिलंत तर वाळलेले तुकडे मिळतील.

आता गृहपाठ. ग्रीनहॉर्न शेलचे वरचे पाच आकडे घ्या, क्रिस्टोफेल समीकरण कुठल्याही प्रगत पुस्तकात मिळेल, आणि ० ते ९० अंशांपर्यंत दर ५ अंशांनी वेग काढून आलेख काढा. एक्सेल पुरेल. ० ला ३.०६, ९० ला ३.७७ आणि ४५ ला ३.२५ आलं पाहिजे. मग फक्त सी१३ थोडा-थोडा बदलत पुन्हा आलेख काढा. दोन्ही टोकं जागची हलणार नाहीत, मधला भागच वरखाली होईल. ते एकदा स्वतःच्या हातानं पाहिलंत की मुलाखतीत कुणी 'तिसरा प्लग कशाला?' असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर लागणार नाही.